चिन्नोरच्या बांधीतला नत्राचा हिशेब

युरियाच्या एका गोणीत ४५ किलो माल असतो आणि त्यात नत्र भरते सुमारे २०.७ किलो. पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत यातले पिकाच्या पदरात पडते साधारण ३० ते ४० टक्के, म्हणजे ६ ते ८ किलो. बाकीचे अमोनिया होऊन उडते, पाण्याबरोबर वाहते, खाली झिरपते किंवा मातीतच अडकून पडते. ही गोणी सोसायटीत पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, म्हणून गळती शेतकऱ्याच्या खिशाला फारशी टोचत नाही. तिची किंमत अनुदानाच्या रूपाने सरकारी तिजोरी मोजते आणि वाहून गेलेल्या नत्राच्या रूपाने नदी मोजते. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या बाबतीत ही नदी म्हणजे वैनगंगा. बालाघाट सोडल्यावर ती गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात येते. दोन्ही काठांवर पीक एकच, पाणी एकच आणि खताची सवयही एकच. या पार्श्वभूमीवर ‘रसायनांऐवजी उपयुक्त जिवाणू वापरा’ हा सल्ला गेली काही दशके दिला जातो आहे. त्याचे कोणी भाबडेपणाने गुणगान करतात, तर कोणी ‘पुड्या टाकून काही होत नाही’ म्हणून उडवून लावतात. जिवाणू नक्की कोणते रसायन, किती प्रमाणात आणि कोणत्या पिकात वाचवतात, याचा हिशेब मात्र दोन्ही बाजू मांडत नाहीत. तो मांडला तर दिसते की बालाघाटमध्ये हा बदल सुरू करण्याची सर्वांत योग्य जागा चिन्नोर या तिथल्या सुवासिक धानाची बांधी आहे.

हिशेबाआधी एक गैरसमज दूर करायला हवा. रासायनिक शेती आणि जिवाणूंची शेती हे दोन वेगळे मार्ग आहेत असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात युरियाचे काम जिवाणूंवाचून चालतच नाही. युरियाच्या रूपातले नत्र धानाची मुळे फारसे घेऊ शकत नाहीत. मातीतले असंख्य सूक्ष्मजीव युरिएज नावाचे विकर तयार करतात, ते युरियाचे विघटन करून अमोनियम बनवते आणि मग पीक ते शोषते. पुढे दुसऱ्या गटाचे जिवाणू त्या अमोनियमचे नायट्रेट करतात. तिसरा गट ऑक्सिजन नसलेल्या चिखलात त्या नायट्रेटचे वायू करून हवेत सोडतो. त्यातला नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडपेक्षा पावणेतीनशे पटींच्या घरात प्रभावी आहे. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला कडुलिंबाचा लेप देण्याची सक्ती झाली, तीही जिवाणूंकडे पाहूनच. कडुलिंबातली द्रव्ये नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करतात आणि नत्र थोडे जास्त दिवस बांधीत टिकते. म्हणजे गोणी विकत घेणारा शेतकरीही जिवाणूंच्याच भरवशावर शेती करत असतो. मग प्रश्न एवढाच उरतो की ही फौज पोसायची आणि तिच्याकडून काम करून घ्यायचे, की तिच्याकडे दुर्लक्ष करून वरून माल ओतत राहायचे.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे रेणू इतके घट्ट जुळलेले असतात की वनस्पतीला ते वापरता येत नाहीत. ते फोडण्याचे तंत्र फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये जर्मनीत दाखवले, कार्ल बॉश यांनी ते कारखान्याच्या मापाचे केले आणि १९१३ मध्ये ओपाऊ इथे अमोनियाचा कारखाना सुरू झाला. त्यासाठी ४००-५०० अंश सेल्सिअस तापमान, प्रचंड दाब आणि इंधनवायू लागतो. हेच काम काही जिवाणू नायट्रोजिनेज या विकराच्या साहाय्याने चिखलात, साध्या तापमानाला करतात. धानाच्या बांधीत वर्षानुवर्षे खत न घालता थोडेफार पीक येत राहते, याचे कोडे शेतकऱ्यांना आणि शास्त्रज्ञांना जुने होते. पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे उत्तर मांडले. उभ्या पाण्यावर आणि ओल्या मातीवर वाढणारे निळे-हिरवे शेवाळ हवेतले नत्र बांधते आणि धानाला त्याचा फायदा मिळतो, असे त्यांनी दाखवले. आपण त्याला शेवाळ म्हणत असलो, तरी शास्त्राच्या दृष्टीने ते प्रकाशावर जगणारे जिवाणूच आहेत. अ‍ॅनाबिना, नॉस्टॉक, ऑलोसिरा, टॉलिपोथ्रिक्स ही त्यांतली धानाच्या शेतात आढळणारी नावे. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून या शेवाळाच्या माळेत मध्येमध्ये जाड भिंतीच्या खास पेशी असतात. नत्र बांधण्याचे काम त्या बंद कोठड्यांत चालते.

पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शेवाळ गावपातळीवर वाढवण्याची सोपी पद्धत बसवली. उथळ खड्ड्यात किंवा टाक्यात माती, पाणी आणि थोडे सुपर फॉस्फेट घ्यायचे, वर शेवाळाचे बियाणे टाकायचे, वाढू द्यायचे आणि पाणी आटल्यावर सुकलेल्या पापड्या गोळा करायच्या. रोवणीनंतर आठवडाभराने हेक्टरी १० किलो पापड्या पाणी असलेल्या बांधीत विखुरायच्या. परिस्थिती अनुकूल असेल तर या शेवाळाकडून एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र बांधले जाते. म्हणजे एका हेक्टरात सुमारे एक ते दीड गोणी युरियातले नत्र. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६३ पासून एकाच जमिनीवर सलग धान घेण्याचा प्रयोग चालू आहे. तिथल्या नत्र खत न दिलेल्या वाफ्यांनीही दशकानुदशके बेताचे का होईना, पण टिकाऊ उत्पादन दिले. खत दिलेल्या वाफ्यांचे उत्पादन अर्थातच त्याहून बरेच जास्त होते. या प्रयोगात जिवाणूंचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा दोन्ही एकदमच दिसतात. ते जमिनीला उपाशी मरू देत नाहीत, पण बुटक्या, भरघोस वाणांची पूर्ण भूक भागवणे त्यांच्या आवाक्यात नाही.

इथेच बहुतेक प्रचारकांची गफलत होते. जिवाणू सगळ्या पिकांत सारखेच रसायन वाचवतात असे गृहीत धरून ते सल्ला देतात. वास्तविक जिवाणूंचा वाटा पिकाच्या भुकेवर ठरतो. भरघोस उत्पन्न देणाऱ्या बुटक्या किंवा संकरित धानाला हेक्टरी १०० ते १२० किलो नत्राची शिफारस असते; त्यात शेवाळाचे २०-३० किलो म्हणजे पाचवा ते चौथा हिस्सा. चिन्नोरची गोष्ट निराळी आहे. बालाघाटचे हे सुवासिक, बारीक दाण्याचे, उंच वाढणारे आणि उशिरा निसवणारे पारंपरिक वाण. अशा उंच वाणांना बुटक्या वाणांच्या निम्म्याच्या आसपास नत्र पुरते. जास्त दिले तर ताटे लांब आणि लुसलुशीत होतात आणि ऐन दाणे भरताना वाऱ्यापावसात धान लोळते. शिवाय नत्राचा अतिरेक म्हणजे करपा आणि तुडतुड्यांना आमंत्रण. म्हणजे ज्या चिन्नोरला ५०-६० किलो नत्र पुरते, तिथे तेच २०-३० किलो जवळजवळ निम्मा भार उचलू शकतात. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाण्यात अमोनियम भरपूर असेल तर शेवाळ नत्र बांधणे थांबवते, कारण आयते मिळत असताना एवढी ऊर्जा खर्च करण्याचे त्याला कारण नसते. भरपूर युरियाच्या बांधीत शेवाळाच्या पापड्या टाकणे म्हणूनच बहुतांशी वाया जाते. कमी युरियाच्या चिन्नोरमध्ये मात्र ते खऱ्या अर्थाने कामाला लागते. जिथे गरज कमी तिथे जिवाणूंचा हिस्सा मोठा आणि त्यांची कामगिरीही चांगली, असा हा दुहेरी मेळ आहे. ‘बालाघाट चिन्नोर’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे तांदळाच्या गुणवत्तेला वेगळा भाव मिळण्याची वाटही मोकळी झाली. उत्पादनाच्या क्विंटलांपेक्षा सुवासावर आणि शुद्धतेवर ज्याची किंमत ठरते, त्या पिकात खत कमी करण्याची जोखीम सर्वांत कमी असते.

आता मर्यादा. शेवाळाने बांधलेले नत्र युरियासारखे लगेच हाती पडत नाही. शेवाळ मरून कुजते तेव्हा ते मोकळे होते, त्यामुळे त्यातला काही भाग या हंगामात आणि काही पुढच्या पिकाला मिळतो. फुटवे येण्याच्या वेळी धान पिवळे पडू लागले तर त्यावर शेवाळ हा तातडीचा इलाज नाही. त्या वेळी थोडा युरिया देणेच शहाणपणाचे. शेवाळाला स्फुरद लागते, ते नसेल तर ते वाढतच नाही. पाण्यातल्या गोगलगायी आणि बारीक कवचधारी प्राणी ते खाऊन टाकतात. त्याला आम्लधर्मी जमीन मानवत नाही, आणि बालाघाटमधल्याच बैहरच्या पठारावरच्या तांबड्या जमिनी आम्लतेकडे झुकणाऱ्या आहेत. सुदैवाने पाणी भरून ठेवल्यावर आम्ल मातीची आम्लता काही आठवड्यांत आपोआप कमी होते, पण ज्या बांधीत पाणी टिकत नाही तिथे हा फायदा मिळत नाही. म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यातल्या, कालव्याचे पाणी मिळणाऱ्या बांध्या आणि पठारावरच्या कोरडवाहू बांध्या यांना एकच शिफारस देता येणार नाही. पाण्यावर तरंगणारे अझोला हे नेचेही याच कुळातला मार्ग. त्याच्या पानांत राहणारे अ‍ॅनाबिना नत्र बांधते. चीन आणि व्हिएतनाममध्ये शतकानुशतके ते धानात वापरले गेले. अनुकूल हवामानात ते तीन ते पाच दिवसांत दुप्पट होते. पण कडक उन्हाळ्यात तगत नाही, त्यामुळे त्याचे बियाणे उन्हाळाभर सावलीत पाणी देऊन जपावे लागते. ज्यांच्याकडे तळे-बोडी आणि जनावरे आहेत त्यांना ते परवडते, कारण उरलेले अझोला चारा म्हणून चालते.

नत्राखालोखाल खर्च होतो तो स्फुरदावर. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना पडते, आणि भारत डीएपीसाठी आणि त्याच्या कच्च्या मालासाठी परदेशांवर अवलंबून आहे. तांबड्या, लोहयुक्त जमिनीत हे स्फुरद लोह आणि अ‍ॅल्युमिनियमशी बांधले जाऊन पिकाच्या हाती लागत नाही. वर्षानुवर्षे घातलेल्या खताचा मोठा साठा मातीत असतो, पण कुलूपबंद. स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडतात आणि त्या साठ्यातला काही भाग मोकळा करतात. इथे एक खबरदारी सांगितली पाहिजे: जिवाणू स्फुरद निर्माण करत नाहीत, असलेले फक्त मोकळे करतात. साठाच नसेल तर मोकळे करण्यासारखे काही नाही. मध्य प्रदेशाला मात्र यातही एक सोय आहे. झाबुआ आणि सागरजवळच्या हिरापूर परिसरात खनिज फॉस्फेटचे साठे आहेत. हलक्या प्रतीचा हा दगड भुकटी करून आम्ल जमिनीत घातला तर हळूहळू विरघळतो, आणि शेणखत व जिवाणू सोबत असतील तर हे काम आणखी सुकर होते. पठारावरच्या आम्ल मातीचा जो गुण शेवाळाच्या आड येतो, तोच इथे उपयोगी पडतो. जमिनीनुसार जिवाणू निवडणे म्हणतात ते हेच.

रोगकिडींच्या बाबतीत गणित आणखी वेगळे आहे. ट्रायकोडर्मा ही बुरशी दुसऱ्या बुरशीला वेढून खाते, हे १९३२ मध्ये वाइंडलिंग यांनी दाखवले होते. त्यांच्या प्रयोगात ट्रायकोडर्माने खाल्लेली बुरशी धानाच्या पर्णकोष करप्याच्याच जातकुळीतली. पण ट्रायकोडर्माला प्राणवायू लागतो. पाण्याखालच्या चिखलात ती निष्प्रभ होते, म्हणून तिची जागा बीजप्रक्रियेत आणि पऱ्ह्यांच्या गादीवाफ्यावर. उभ्या पाण्याच्या बांधीत ती ओतण्यात अर्थ नाही. स्युडोमोनास फ्लुरोसेन्स हा जिवाणू मुळांभोवतीचे लोह आपल्याकडे ओढून रोगकारक बुरशीला उपाशी ठेवतो आणि झाडाची प्रतिकारशक्ती जागी करतो. करपा आणि पर्णकोष करप्यासाठी त्याची बीजप्रक्रिया आणि फवारणी दोन्ही करतात. तुडतुड्यांवर मेटारायझियम ही बुरशी चालते. किडीवर बुरशी पाळण्याची कल्पना नवी नाही: अ‍ॅगोस्टिनो बासी यांनी १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा रोग बुरशीमुळे होतो हे सिद्ध केले आणि मेचनिकोव्ह यांनी १८७९ मध्ये मेटारायझियम पिकावरच्या किडींवर वापरण्याचा विचार मांडला. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दमट हवा या बुरशीला पोषक असते. तिचा परिणाम दिसायला मात्र काही दिवस जातात, म्हणून ती किडींची संख्या कमी असतानाच वापरावी लागते. बांधीत तुडतुड्यांनी जळल्याचे पट्टे पडल्यावर ती धावून येणार नाही. रसायने कमी करण्याचे कारण इथे पैशापुरते नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला. त्याच वर्षी युरोपीय संघाने करप्यावरच्या ट्रायसायक्लॅझोल या औषधाच्या तांदळातल्या अवशेषाची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ मिलिग्रॅमवर आणली आणि बासमतीच्या निर्यातदारांची धावपळ उडाली. सुवासिक तांदूळ नावाने विकायचा तर अवशेषांचा प्रश्न चिन्नोरलाही उद्या टाळता येणार नाही.

धान निघाल्यावरची बांधी हा या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. धान उभे असतानाच ओलीवर लाखोळी किंवा हरभरा पेरण्याची उतेऱ्याची पद्धत बालाघाटपासून भंडारा-गोंदिया आणि छत्तीसगडपर्यंत चालत आली आहे. या कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम नत्र बांधते. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८०च्या दशकात गाठींचे हे काम उलगडले आणि बायरिंक यांनी १८८८ मध्ये तो जिवाणू वेगळा केला. धानाला अशा गाठी येत नाहीत, म्हणून सोयाबीनचा अनुभव धानाला जसाच्या तसा लावणे चूक आहे. ब्राझीलमध्ये जोहाना डोबराइनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या आग्रहामुळे सोयाबीनचे नत्र जवळजवळ पूर्णपणे जिवाणूंवर सोपवले गेले, पण ते कडधान्यवर्गीय पीक आहे. त्याच डोबराइनर यांच्या कामामुळे पुढे आलेला अ‍ॅझोस्पिरिलम धान-ज्वारीसाठी वापरला जातो. त्याबद्दलचे मत मात्र काळाबरोबर बदलले. तो थोडे नत्र बांधतो, पण त्याचा मुख्य फायदा वाढीची संप्रेरके सोडून मुळे वाढवण्यात आहे. मुळे वाढली की आहे तेच खत जास्त उचलले जाते. गोणीतले साठ-सत्तर टक्के नत्र जिथे वाया जाते, तिथे हा फायदा लहान नाही. एकूण जिवाणू खतांच्या परिणामांबद्दल २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७१ अभ्यासांचा एकत्र विचार करणाऱ्या विश्लेषणात सरासरी उत्पादनवाढ सुमारे १६ टक्के आढळली. हा आकडा सर्वत्र तसाच मिळेल असे समजू नये. प्रयोगातल्या वाफ्यात ताजे संवर्धन आणि काळजीपूर्वक वापर असतो, शिवाय त्याच विश्लेषणात कोरड्या हवामानात परिणाम सर्वांत चांगला दिसला होता, आणि बालाघाट पावसाचा प्रदेश आहे.

यावरचा पहिला आक्षेप श्रीलंकेचा. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी थांबवली, भाताचे उत्पादन घसरले, चहा अडचणीत आला आणि नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. जिवाणूंवर विसंबलेल्या शेतीच्या अपयशाचा पुरावा म्हणून हा दाखला वारंवार दिला जातो. पण तिथे जिवाणूंनी दगा दिला असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांना वेळ, योग्य पीक आणि पुरवठा यांपैकी काहीच मिळाले नव्हते. परदेशातून मागवलेल्या सेंद्रिय खताच्या एका मालात रोगकारक जिवाणू आढळल्यामुळे तो नाकारावा लागला, ही त्यातलीच घटना. यातून दोन धडे निघतात. एक, खताची मात्रा पिकागणिक आणि हंगामागणिक, टप्प्याटप्प्याने कमी करायची असते. अध्यादेशाने ती शून्यावर आणता येत नाही. दोन, जिवाणूंच्या नावाखाली काय येते आहे याची तपासणी रसायनांपेक्षाही कडक हवी. शेतात बुटके, संकरित धान आहे आणि कुटुंबाचे पोट सरकारी खरेदीच्या क्विंटलांवर आहे, तिथे युरिया पूर्ण बंद करा म्हणणे बेजबाबदारपणा आहे. तिथे चौथा हिस्सा कमी करणे पुरेसे, आणि तेही आधी एका बांधीत.

दुसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे, म्हणून अधिक वजनदार: ‘पुडी टाकली, फरक दिसला नाही.’ यात शेतकऱ्याचा दोष क्वचित असतो. खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये जिवाणू खते २००६ पासून समाविष्ट आहेत. पावडर रूपातल्या खतात दर ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूप खतात दर मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत पेशी असाव्यात असा नियम आहे. हा आकडा कारखान्याच्या दारात खरा असला, तरी बालाघाटच्या मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर तापलेल्या पत्र्याच्या दुकानात, युरियाच्या थप्पीवर महिनाभर पडलेल्या पुडीत किती पेशी उरतात, हा खरा प्रश्न आहे. उकळत्या दुधात विरजण घातले तर दही लागत नाही, आणि त्याचा दोष विरजणाचा नसतो. वापरातही हेच घडते: आधी बुरशीनाशक चोळलेल्या बियाण्याला लगेच जिवाणू लावले, किंवा लावून बियाणे उन्हात पसरले, की काम संपले. इथे पुन्हा निळे-हिरवे शेवाळ वेगळे ठरते. त्याच्या पापड्या सुकलेल्या अवस्थेतही दोन-तीन वर्षे तग धरतात, ऊन-कोरड सोसतात आणि पाणी मिळाले की पुन्हा जागतात. ज्या जिल्ह्यात शीतसाखळी नाही आणि दुकाने तापतात, तिथे सुरुवात शेवाळापासून करण्याचे हे दुसरे मोठे कारण.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. विदर्भातून सुरू झालेल्या सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते म्हणतात, प्रयोगशाळेतल्या पुड्या कशाला, जीवामृत पुरे आहे. जीवामृतात सूक्ष्मजीव असतात आणि ते मातीला सेंद्रिय द्रव्य व चालना देते, हे मान्य. पण त्यात कोणते जिवाणू, किती, हे प्रत्येक पिंपात आणि प्रत्येक ऋतूत बदलते. त्यावर खतमात्रा ठरवता येत नाही. ते मोजून केलेल्या प्रयोगाची जागा घेऊ शकत नाही, पण त्याच्या जोडीला चालू शकते. आणखी एक शंका आरोग्याची असते: शेतात जिवाणू सोडणे धोक्याचे नाही का? शिफारस केलेली संवर्धने मातीत मूळचीच आढळणाऱ्या जातींची आहेत, आणि जैविक कीडनाशकांना कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदणी लागते. धोका आहे तो बिनलेबलाच्या, भेसळीच्या मालात; कारण स्युडोमोनासच्याच कुळात माणसाला रोग देणारी जातही आहे. म्हणून ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक’ हे वाक्य इथे कामाचे नाही. नोंदणी क्रमांक, पेशीसंख्या आणि मुदत वाचणे कामाचे आहे.

मग अडते कुठे? विज्ञानात नाही, किमतीत आणि व्यवस्थेत. युरिया, डीएपी मोठ्या अनुदानावर येते, सोसायटीत उधारीवर मिळते आणि वर्षभर टिकते. जिवाणू खताला तसे अनुदान नाही. ते जपावे लागते आणि त्याचा परिणाम डोळ्यांना ठळक दिसत नाही. अशा शर्यतीत शेतकऱ्याने गोणी निवडली तर तो अडाणी ठरत नाही, तो व्यवहार पाहतो. म्हणून व्यवहारच बदलावा लागेल, आणि त्यासाठी लागणाऱ्या संस्था बालाघाटला आहेत. जबलपूरचे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय, वारासिवनीजवळ मुरझड फार्मवरचे कृषी महाविद्यालय, बडगावचे कृषी विज्ञान केंद्र आणि मानांकनामुळे एकत्र येऊ लागलेले चिन्नोर उत्पादक. विद्यापीठाने स्थानिक मातीतलेच शेवाळ निवडून तपासलेले मूळ बियाणे द्यावे. गावातल्या महिला गटांनी उन्हाळ्यात उथळ टाक्यांत ते वाढवून पापड्या सुकवाव्यात. विज्ञान केंद्राने दरवर्षी त्यांची तपासणी करावी. रोवणीआधी पऱ्ह्यांची मुळे अ‍ॅझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंच्या पाण्यात बुडवावीत, बियाण्याला ट्रायकोडर्मा किंवा स्युडोमोनास लावावा, आणि उतेऱ्याच्या लाखोळी-हरभऱ्याला रायझोबियम. प्रत्येक शेतकऱ्याने निम्म्या बांधीत नेहमीचे खत आणि निम्म्या बांधीत अर्धा युरिया अधिक शेवाळ असा सरळ पडताळा तीन हंगाम घ्यावा. हे तीन हंगाम महत्त्वाचे आहेत, कारण शेवाळाचे नत्र दुसऱ्या-तिसऱ्या पिकात जास्त दिसते आणि एका वर्षाच्या निकालावर ते नापास करणे अन्यायाचे ठरेल. यातून चिन्नोरचा तांदूळ कमी अवशेषाचा म्हणून तपासून विकता आला, तर फायदा थेट भावात दिसेल. अनुदानाच्या पारड्यासमोर उभे राहू शकेल असे हे एकच वजन आज उत्पादकांच्या हातात आहे. चिन्नोरमध्ये हिशेब जुळला तर संकरित धानातला चौथा हिस्सा कमी करायला लोकांना समजवावे लागणार नाही. आणि चिन्नोरमध्येही जुळला नाही, तर आपल्या मातीत या जिवाणूंची मर्यादा नक्की कुठे आहे हे आकड्यांत कळेल. गेल्या कित्येक वर्षांच्या घोषणांनी आणि टिंगलीने एवढीही माहिती हाती दिलेली नाही.